सोप्याच्या भिंतीला पाडलेलं भोक

बाबा, गेल्या आठवड्यात आपल्या घरात कपडे वाळवायचं मशीन आलं. ड्रायर म्हणतात त्याला. केसांचा नव्हे, कपड्यांचा. धुऊन पिळलेले कपडे आत टाकायचे, बटण दाबायचं, पोटात पिंप गरगर फिरतं, गरम वारा खेळतो आणि तासा-दीड तासात कपडे कोरडे ठणठणीत बाहेर येतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला काही कळवावं असं मला कधी वाटलं नव्हतं. खाणी बंद पडल्या तेव्हा नाही, त्या पुन्हा थोड्याफार सुरू झाल्या तेव्हाही नाही, माझ्या लेकीचं लग्न झालं तेव्हा तर मुळीच नाही. हे मात्र कळवल्याशिवाय मला चैन पडेना. मराठीत लिहिते आहे. घरात आपण सगळा जन्म कोकणी बोललो तरी कागदावर उतरलेली कोकणी तुम्हाला खपत नसे, आणि तुम्ही रागावायचातसुद्धा मराठीतच. कोकणीत बोलता बोलता एकदम 'हे काय चाललं आहे?' असं शुद्ध मराठी ऐकू आलं की आम्ही दोघी बहिणी समजायचो, आता काही खरं नाही. तर आज रागाचं सगळं बोलणं माझं आहे, म्हणून भाषाही तुमचीच घेतली.

तुमचा नियम तुम्हाला आठवतो ना? की तुम्हाला तो नियम वाटलाच नव्हता, सूर्य पूर्वेला उगवतो तसं ते होतं? पुढच्या अंगणात माडापासून फणसापर्यंत तार बांधलेली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या तारेवर ऊन. तिथे फक्त तुमचे आणि दादाचे कपडे. आईचे, ताईचे आणि माझे कपडे मागच्या मांगरात. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बाहेर पडायचं, चिऱ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरायच्या आणि त्या अंधाऱ्या खोपट्यात शिरायचं, जिथे एका बाजूला नारळ, त्यांची सोललेली सोडणं, जळाऊ लाकडं आणि दुसऱ्या बाजूला काथ्याच्या दोरीवर आमची लुगडी, परकर, झंपर. खिडकी नाही. कौलात एक काचेचं कौल होतं, त्यावर फणसाची पानं पडून काळोख झालेला. बायकांचे कपडे रस्त्यावरून दिसू नयेत, एवढं एकच कारण. रस्त्यावरून तरी कोण जायचं? खनिजाचे ट्रक. एकामागून एक, लाल धूळ उडवत. त्या ड्रायव्हरांना समोरचा खड्डा चुकवायची भ्रांत, ते आमचे परकर बघायला मान वळवणार होते!

आणि गंमत म्हणजे त्या धुळीनं पुढच्या तारेवरचे तुमचे पांढरे शर्ट दुपारपर्यंत गुलाबी व्हायचे. खाणीच्या ऑफिसात ट्रक तोलायच्या काट्यावर बसणारा माणूस, पण शर्ट कसा हवा, बगळ्याच्या पंखासारखा. मग आई ते पुन्हा धुवायची. पुन्हा नीळ, पुन्हा पिळणं. मी एकदा म्हटलं होतं की शर्ट मांगरात वाळत घालूया, तिथे धूळ येत नाही, आणि आमचे कपडे पुढे घालूया, आमचे लालच झाले तर झाले. तुम्ही हसलात. तुम्हाला तो विनोद वाटला. बाबा, मी अगदी गंभीरपणे बोलले होते. नऊ-दहा वर्षांची असेन, पण हिशेब माझा बरोबर होता.

पावसाळ्यात तर विचारूच नका. न्हाणीत पाणी तापवायचं भाण होतं, तांब्याचं, खाली विस्तव. त्याच्यावर बांबूची दांडी टांगलेली, तिच्यावर तुमचे शर्ट. धुराचा वास लागू नये म्हणून आई ओली लाकडं बाजूला सारून निवडून सुकी घालायची. आमचे कपडे तेव्हाही मांगरातच. तिसऱ्या दिवशी हात लावावा तर गार. ओलसर परकर नेसून आम्ही शाळेत जायचो, अंगच्या उबेवर तो वाळायचा, आणि वाळेपर्यंत त्याला येणारा आंबूस वास आम्हीच घ्यायचो. आईच्या कमरेला नाडीच्या जागी कायमचं गजकर्ण होतं. ती पाठ फिरवून, भिंतीला टेकून, कोणी बघत नाही असं पाहून खाजवायची. मी अजून डोळे मिटले की ती भिंतीला टेकलेली दिसते. तुम्हाला दिसायची का? एका खोलीत झोपायचात तुम्ही दोघं.

एका गणपतीला तुम्ही आईसाठी म्हणून म्हापशाहून विजेची इस्त्री आणलीत. खोक्याला कागदी फूल लावून. शेजारच्या बायका बघायला आल्या, आईनं हळदकुंकू लावलं तिला. तुम्ही सोप्यावर बसून सगळ्यांना सांगत होता, 'हिचे श्रम वाचावेत म्हणून.' त्या रात्रीपासून तुमचे अर्धवट ओले शर्ट इस्त्रीनं वाळवायचं नवं काम आईच्या गळ्यात पडलं. भेट तिची, शर्ट तुमचे. आमच्या परकरांवर ती इस्त्री एकदाही फिरली नाही, कारण वीज जळते. तरी आई ती इस्त्री फडक्यानं पुसून कपाटात ठेवायची. त्या भेटीबद्दल मी तुम्हाला कधी माफ केलेलं नाही, आणि आता करायचा विचारही नाही.

आता त्या श्रावणातल्या दुपारीबद्दल. तुम्ही विसरला असाल, म्हणून नीट सांगते. मी आठवीत. दुसऱ्या दिवशी शाळेत झेंडावंदन आणि त्यानंतर माझं भाषण, विषय स्वातंत्र्य. गणवेश एकच. आठवडाभर झड लागली होती आणि त्या दुपारी अचानक लख्ख ऊन पडलं. आई म्हणाली, मांगरात घाल. मी म्हटलं, आई, मांगरात उद्यापर्यंत वाळणार नाही. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे परवानगी, असं मी ठरवलं, आणि माझा पांढरा ब्लाऊज, निळा स्कर्ट आणि शेमीज पुढच्या तारेवर घातले. तुमच्या शर्टांपासून दूर, फणसाच्या टोकाला. उन्हात ते कपडे हलत होते आणि मी सोप्यावर बसून भाषण पाठ करत होते. सुखी होते मी, बाबा. आणि मग जीप आली. तुम्ही खाणीवरच्या साहेबांना जेवायला घेऊन आला होतात.

तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही छत्रीची मूठ उलटी धरलीत आणि मुठीच्या आकड्यानं माझा एकेक कपडा तारेवरून ओढलात. हात न लावता. मेलेला उंदीर बाहेर टाकावा तसा. ब्लाऊज चिखलात पडला, त्यावर स्कर्ट, त्यावर शेमीज. मग मराठीत म्हणालात, 'आपले कपडे जगाला दाखवायचे नसतात. हे घर आहे, बाजार नव्हे.' साहेब बिचारे बुटांकडे बघत म्हणाले, 'असूं दी हो, भुरगें तें.' पोर आहे, असू द्या, एवढंच. तुम्ही त्यांना आत नेलंत. पाहुणे पुढे बसलेले असताना बायकांनी अंगणात जाऊन ते कपडे उचलायचे कसे? म्हणून तुमचं जेवण, मग पान, मग खाणीच्या गप्पा संपेपर्यंत माझा गणवेश लाल चिखलात पडून राहिला. दोन कोंबड्या त्यावरून चालत गेल्या. जीप गेली, आईनं तो उचलला, पुन्हा धुतला, आणि तोवर पाऊस परत आला होता.

दुसऱ्या दिवशी मी ओल्या गणवेशात उभी राहून स्वातंत्र्यावर बोलले. थंडीनं दात वाजत होते, ब्लाऊज अंगाला चिकटला होता, म्हणून दोन्ही हात छातीशी घट्ट धरून बोलले. समोर पहिल्या ओळीत तुम्ही, कडक इस्त्रीच्या शर्टात. बक्षीस मिळालं नाही. घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, 'चोरासारखे हात धरून कोणी भाषण करतं का?' मी उत्तर दिलं नाही. ते उत्तर मी इतकी वर्षं सांभाळून ठेवलं होतं आणि ते गेल्या आठवड्यात टेम्पोतून उतरलं, पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात.

लग्न होऊन पेडण्याला गेले तेव्हा पहिल्या सकाळी मला जे दिसलं ते तुम्हाला सांगायला हवं होतं. घराच्या पुढे, अगदी वाटेच्या कडेला, सासूबाईंचं लुगडं, झंपर, परकर, सगळं दोरीवर. त्याच दोरीवर सासऱ्यांचे सदरे. मी माझे धुतलेले कपडे हातात घेऊन मागच्या बाजूला अंधारी जागा शोधत फिरत होते. सासूबाईंनी विचारलं, काय शोधतेस. मी सांगितलं. त्या कंबरेवर हात ठेवून हसल्या. "अगो, सूर्याक काय कळता, झंपर कोणाचो आणि सदरो कोणाचो? घाल थंयच. ऊन कोणासाठी थांबाचा नाय." मला रडू आलं. त्यांना वाटलं, माहेरची आठवण आली. एका अर्थी तसंच होतं. पेडणे ते आपली डिचोली अंतर ते केवढं, देवही तेच आणि सणही तेच, आणि एका घरात जे अब्रूचं ते दुसऱ्या घरात कोणाच्या गावीही नाही. म्हणजे हा धर्म नव्हता, रीत नव्हती, गावची चालही नव्हती. हे फक्त तुम्ही होतात.

तुम्ही गेलात. मला वाटलं, आता आईचे कपडे उन्हात येतील. मी वर्षभरातच तिला धुवायचं मशीन आणून दिलं. ती त्यात कपडे धुवायची आणि बादलीत घालून मागच्या पायऱ्या उतरून मांगरात न्यायची. पुढची तार रिकामी! माडापासून फणसापर्यंत नुसतं ऊन वाळत पडलेलं. मी चिडायचे, ती हसायची. एकदा मी तिला थेटच विचारलं, तू बाबांना कधी काही बोलली का नाहीस? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "उलोवन कितें जातलें आशिल्लें? कपडे सुकतले आशिल्ले?" बोलून काय झालं असतं, कपडे वाळले असते का?

गेल्या पावसात त्या पायऱ्यांवरून ती घसरली. हातात ओल्या कपड्यांची बादली होती, ती सोडली नाही म्हणून मनगटावर पडली. मनगट मोडलं. शेजारच्या घरात ऐकू जाईपर्यंत ती पावसात तशीच पडून होती, आणि त्या भिजण्यानं छाती धरली ती दिवाळीपर्यंत सुटली नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, या वयात अशी दुसरी खेप परवडायची नाही, ओल्या जागेत जाऊ देऊ नका, ओलं अंगावर ठेवू देऊ नका. मी घरी येऊन आईला बजावलं. ती हो म्हणाली. प्लास्टर काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आले तर ही मांगरात. तेव्हाच ठरवलं. पुढचा पाऊस यायच्या आत हिचं त्या पायऱ्या उतरणं बंद व्हायला हवं, नाहीतर एक दिवस तुमच्या अब्रूपायी मी हिला गमावून बसेन. आणि ते बंद करीन तेही असं, की तुम्ही जिथे असाल तिथे तुम्हाला झोंबलं पाहिजे.

वस्तू घेण्यात मी तुमचीच लेक आहे. घाई नाही. डिचोलीच्या बाजारातला दुकानदार मला टू-इन-वन गळ्यात मारायला बघत होता, धुतं पण तेच आणि वाळवतं पण तेच. मी म्हटलं, दोन कामं एकानं करायची म्हटली की दोन्ही अर्धी होतात, आणि बिघडलं की दोन्ही एकदम बसतात. त्यात धुता येतात तितके कपडे वाळवता येत नाहीत, अर्धे काढून ठेवावे लागतात. मग त्यानं दुसरं दाखवलं, वाफेचं पाणी करून टाकीत साठवणारं. टाकी दर वेळी काढून ओतायची. मोडलेल्या मनगटाच्या बाईनं? तिसरं हीट पंपाचं. ते सगळ्यांत शहाणं, वीज कमी खातं, कपडे तापवत नाही, पण वेळ जास्त घेतं आणि आतला कारभार फ्रीजसारखा गुंतागुंतीचा. बिघडलं तर दुरुस्त करायला कोण येणार, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, 'कंपनीचा माणूस येतो ना मॅडम.' कुठून येतो? तर त्यावर तो छताकडे बघायला लागला.

म्हणून मी मये गावी गेले. तळ्याच्या बाजूला एक बाई पाहुण्यांना खोल्या देते, रोज चादरी-टॉवेलांचा ढीग वाळवते. जी वस्तू जी माणसं रोज राबवतात त्यांनाच विचारावं, दुकानदाराला नव्हे. तिनं मला चहा दिला आणि तिचा ड्रायर दाखवला, कोपरा चेपलेला, पण चालू. म्हणाली, "बाय, दिसपाक बरें म्हण घेवं नाका. मोडलें जाल्यार कोण येता, तें पयलीं विचार." दिसण्यावर जाऊ नको, मोडलं तर कोण येतं ते आधी विचार. तिचा साध्या जातीचा होता, आतली दमट हवा एका जाड नळीतून सरळ घराबाहेर फेकणारा. हीटर, मोटर, पट्टा, बस्स. म्हापशाचा कोणीही मेकॅनिक उघडू शकतो. फक्त जाळीत साठणारा कपड्यांच्या तंतूंचा कचरा दर वेळी काढायचा, नाहीतर गरम होऊन बंद पडतो. आणि नळी जितकी आखूड, जितकी सरळ, तितकं मशीन जास्त टिकतं. 'पूण वण्टीक भोंक मारचें पडटलें हां,' ती म्हणाली. म्हणजे भिंतीला भोक पाडावं लागेल. ती ते तोटा म्हणून सांगत होती. माझ्या मात्र अंगावर आनंदानं काटा आला.

कारण मला ते भोक कुठे पाडायचं ते तिथल्या तिथे दिसलं होतं.

मी तेच घेतलं. कपडे कोरडे झाले की आपोआप थांबणारं, नुसत्या वेळेच्या खुंटीवर चालणारं नव्हे, कारण आई विसरते. पिंप स्टीलचं. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं म्हणून सोबत स्टॅबिलायझर. जाड पिनेचा स्वतंत्र पॉइंट आणि नीट अर्थिंग, त्यासाठी इलेक्ट्रिशियन बोलावला. तो भला माणूस, मशीन कुठे ठेवायचं म्हणाला. मी म्हटलं, पुढच्या खोलीत, रस्त्याच्या भिंतीला लागून. तो बाहेर जाऊन बघून आला. भिंतीच्या पलीकडे सोपा. सोप्यावर तुमची जागा, जिथे तुम्ही भिंतीला पाठ टेकून, एक पाय वर घेऊन, जाणाऱ्या-येणाऱ्याला 'बसा' म्हणायचात. तुमच्या पाठीच्या तेलाचा डाग चुन्यात अजून आहे. मी खडूनं गोल काढला तो नेमका त्या डागावर.

"बाय, हांगा नाका," तो म्हणाला. इथे नको, मागून पाडूया. "फाटल्यान मारया. हांगा लोक बसतात, वाफ तांच्या पाठीर येतली."

"हांगा बसपी मनीस केन्नाच गेलो," मी म्हटलं. इथे बसणारा माणूस केव्हाच गेला. "मार तूं."

चिरा जाड, त्याचं भोक पाडायचं मशीन किंचाळत होतं, लाल भुकटी सोप्यावर, पायरीवर, तुळशीपर्यंत उडाली. आई पदर नाकाला लावून दारात उभी. मी खुर्ची घेऊन समोर बसले होते, नाटक बघायला बसावं तशी. शेवटचा तुकडा पलीकडे पडला आणि भिंतीतून एकदम रस्ता दिसायला लागला तेव्हा मी चक्क टाळी वाजवली. त्या गोलातून आता काय बाहेर येणार होतं माहीत आहे, बाबा? तुमच्या बायकोच्या परकराची वाफ. झंपरांची, लुगड्यांची. आत फिरणारा सगळा बाईमाणसाचा ओलावा, साबणाच्या वासासकट, भर रस्त्यावर, नेमका तुमच्या पाठीच्या जागेवर. छत्रीच्या आकड्यानं तो ओढून काढता यायचा नाही. मेलेल्या माणसावर सूड कसा उगवायचा हे मला इतकी वर्षं उमगत नव्हतं. शेवटी उमगलं, आणि वर वॉरंटी पण मिळाली.

पहिली खेप मीच घातली. आईची दोन लुगडी, तीन परकर, झंपर, सगळं तिचं. बटण दाबलं आणि धावत बाहेर आले. भोकातून आधी नुसती घरघर, मग ऊबदार वारा, आणि थोड्या वेळानं सकाळच्या गारव्यात खरोखरच धुकं दिसायला लागलं. रस्त्यावरून पाववाला सायकलवरून चालला होता, तो थांबून बघायला लागला. 'कितें रांदता गो?' त्यानं विचारलं, काय शिजवतेस म्हणून. मी म्हटलं, 'आईचे कपडे.' मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. मला आत्ताही ते आठवून बरं वाटतं.

मशीन थांबलं. आईनं दार उघडलं, आत हात घातला आणि तसाच ठेवला. गरम परकर बाहेर काढून गालाला लावला. सगळ्या जन्मात तिच्या कपड्यांना अशी ऊब लागली नव्हती. तिचे डोळे भरले होते, माझेही. मी म्हणणार होते, बघ, जिंकलो की नाही आपण. तेवढ्यात ती एकेक कपडा घडी करून मांडीवर ठेवत, अगदी समाधानानं म्हणाली, "बरें केलें गो तुवें. हांगाच्या हांगा भितर सुकतात. आतां कोणाक कांयच दिसपाचें ना. तांकां आवडटलें आशिल्लें."

त्यांना आवडलं असतं.

मला आधी वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. मग कळलं, इथल्या इथे आत वाळतात, आता कोणाला काहीच दिसायचं नाही, हे ती अगदी बरोबर बोलली. मांगरात निदान शेजारणी डोकावायच्या, कपड्यांना वारा तरी लागायचा. आता तिचा परकर धुवायच्या मशीनमधून निघून या मशीनमध्ये जाईल आणि तिथून कपाटात. माणसाच्या नजरेला पडणारच नाही. जन्मभर तुम्ही जे करू बघत होता ते पुरतं करून दाखवलं मी, आणि तेही भिंत फोडून. मी कसंबसं म्हटलं, आई, उद्या चांगलं ऊन आहे, निदान लुगडी तरी अंगणात तारेवर घालूया, उगाच वीज कशाला. तिनं माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. "कित्याक? मशीन हाडलां न्ही तुवें?" कशाला, मशीन आणलंस ना तू.

ती आता पायऱ्या उतरत नाही. मांगराला तिनं आपण होऊन कुलूप लावलं. डॉक्टरांनी छाती तपासली, समाधानी आहेत. कमरेवरचं ते जुनं गजकर्णसुद्धा सुकायला लागलंय म्हणते. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि मिळालं ते तुमच्या नावावर. सकाळी मशीन लागलं की सोप्यावर तुमच्या जागी ऊबदार वारा येतो, आणि आई चहाचा कप घेऊन तिथे पाठ शेकत बसते. म्हणते, इथे बसायला बरं वाटतं. मी तिला काही सांगत नाही. तिला तिथून उठवायला मला जमणारही नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचवायची काही सोय असती तरी मी हा कागद पाठवला नसता, आणि त्याचं कारण तुमचं मरण नव्हे. आता मी राहते त्या फ्लॅटला दोन बाल्कन्या आहेत, दिवसभर ऊन असतं, घरात मला टोकणारं कोणी नाही. आज सकाळी माझे आतले कपडे मी त्या उन्हात वाळत घातले, आणि रोजच्यासारखा प्रत्येकावर एकेक टॉवेल पसरला.